भाडेकरू बदलतो, वायर तीच राहते

नगर-दौंड रस्त्यावरचे काष्टी म्हटले की आठवतो तो जनावरांचा बाजार. बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, चालवून बघतो, मगच किंमत बोलतो. तोच माणूस शिकणाऱ्या मुलासाठी भाड्याची खोली बघायला गेला, की विचारतो फक्त भाडे, डिपॉझिट आणि पाण्याची वेळ. विजेची चौकशी राहूनच जाते.

नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पुढे कित्येक भाडेकरू येतात-जातात, पण तो कागद सहसा कोणी मागत नाही. पंख्या-दिव्यासाठी ओढलेल्या वायरीवर फ्रीज, गिझर, पाण्याची मोटार असा भार चढतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालतात. म्हणजे इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद!

पत्र्याच्या खोलीत धोका आणखी मोठा. वायरचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली, की त्याला बांधलेल्या कपडे वाळवायच्या तारेतही करंट उतरतो. ओले कपडे घेऊन तिथे पहिली जाते ती घरातली बाई. अशी 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून पुरवठा क्षणात तोडते ते ईएलसीबी. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट सांभाळते; एवढीशी गळती तिला कळत नाही.

इंग्लंडमध्ये 1 जुलै 2020 पासून नव्या आणि 1 एप्रिल 2021 पासून चालू भाडेकरारांनाही निदान दर 5 वर्षांनी वायरिंगची तपासणी सक्तीची झाली. अहवालाची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये, विरुद्ध करार नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मात्र खोली देण्यापूर्वी वायरिंगचे प्रमाणपत्र द्यावे, अशी सक्ती त्यात नाही.

सक्ती नसली तरी शहाणपणाला कोणाची आडकाठी आहे? खोली देण्याआधी परवानाधारक वायरमनकडून मेगर लावून घ्यावा; आवरणाचा रोध निदान 1 मेगओहम हवा. अर्थिंग तपासावे, ईएलसीबी बसवावे आणि तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. करारनाम्यात पंखे आणि दिवे मोजून लिहितोच. त्याखाली तपासणीची तारीखही लिहावी. मालकाला हा खर्च जड वाटेल, पण जळालेली खोली त्याचीच असते. आणि भाडेकरूच्या घरातले माणूस गेले, तर ते कोणत्याही डिपॉझिटमधून भरून निघत नाही.