पंचेचाळिशीत रिटायर व्हायचंय? मग हे वाचाच!

आमच्या डहाणू लोकलच्या ग्रुपमध्ये सध्या एकच हॉट टॉपिक आहे. पंचेचाळिशीत रिटायर व्हायचं! एकाला गोव्यात कॅफे काढायचाय, दुसऱ्याला केळव्याला वाडी घ्यायचीय. 'आणि तुझं काय?' त्यांनी विचारलं. तेवढ्यात पालघर आलं, दोघं उतरले आणि माझं उत्तर राहून गेलं. बोईसरपर्यंत डोक्यात एकच नाव घोळत होतं. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास.

करिअर म्हणाल तर एकदम टॉप. १९३३ साली मुंबईत जन्म, १९५३ मध्ये नौदलात कमिशन. १९७१ च्या युद्धात ते 'आयएनएस बियास' या फ्रिगेटचे कप्तान होते. पूर्व पाकिस्तानची समुद्रातून नाकेबंदी करणाऱ्या ताफ्यात ही बोट होती. त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. नौदलात महिला अधिकारी यायला सुरुवात झाली ती १९९२ मध्ये, त्यांच्याच काळात.

साठाव्या वर्षी एवढं सगळं खात्यावर असताना आपण काय केलं असतं? पाय पसरून बसलो असतो! रामदास पत्नी ललिता यांच्यासह अलिबागजवळच्या एका गावात शेती करायला गेले. आणि तिथून त्यांनी दुसरी इनिंग सुरू केली. ज्या देशाशी लढले, त्याच देशातल्या माणसांशी बोलणं सुरू केलं. २००४ चं मॅगसेसे त्यांना मिळालं ते पाकिस्तानच्या इब्न अब्दुर रेहमान यांच्या जोडीने. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर ते अण्वस्त्रांविरुद्धही उघडपणे बोलत राहिले.

आमच्या बोईसर-तारापूरशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते २०११ च्या एप्रिलमध्ये. मार्चमध्ये फुकुशिमा झालं होतं आणि तारापूर ते जैतापूर अशी निषेध यात्रा निघणार होती. पुढाकार घेणाऱ्यांमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे रामदास होते. पोलिसांनी यात्रा अडवली.

खरं सांगतो, तेव्हा मी वैतागलो होतो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासूनचं. त्याच्या आणि एमआयडीसीच्या आधारावर इथली हजारो घरं चालतात, त्यातलंच एक आमचं. 'या साहेबांना इथे काय पडलंय?' असं मी घरी तावातावाने म्हणालो होतो. पण केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, हेही मला ठाऊक होतं. शाळेतला एक दोस्त तिथलाच. त्याच्याबरोबर हा विषय मी आजवर एकदाही काढला नव्हता.

जैतापूरबद्दल मी आजही रामदासांशी पूर्ण सहमत नाही. त्यांना प्रत्येक ठिकाणी हारतुरे मिळाले असंही नाही. आम आदमी पक्षाचे ते अंतर्गत लोकपाल होते. कारभारावर प्रश्न विचारले आणि २०१५ मध्ये पद गेलं. १५ मार्च २०२४ ला, नव्वदाव्या वर्षी ते गेले. पण जिथे आपली सलामी कोणी घेणार नाही, तिथेही ते जाऊन उभे राहिले. मला त्यांचं हेच भावतं.

त्या दोस्ताच्या वडिलांना पुनर्वसनाचा एक अर्ज टाइप करून हवाय. तीन रविवार मी टाळलेत. या रविवारी लॅपटॉप घेऊन जातोय. पंचेचाळिशीला अजून बारा वर्षं आहेत, बॉस!