रात्री दवाखाना बंद असला तर?

बोईसर-तारापूरचा कामगार रात्रपाळीला जातो आणि मागे घरात कुणाला साप चावतो, कुणाच्या छातीत कळ येते. नाक्यावरच्या दवाखान्यांची शटर खाली असतात. अशा वेळी भगताकडे धावू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. २०१४ पासून राज्यात चालू असलेली ही रुग्णवाहिका चोवीस तास व मोफत आहे. वस्तीचे नाव आणि जवळची खूण नीट सांगा. गरोदर भगिनींसाठी १०२ आहे.

पोलिसी कागदासाठी उपचार अडवू देऊ नका. जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात बजावले आहे.

बंधू-भगिनींनो, आमचे एवढेच सांगणे आहे : जवळचे सरकारी रुग्णालय रात्री कोणत्या दाराने उघडे असते, हे आजच दिवसाउजेडी पाहून ठेवा. हे दोन्ही क्रमांक दाराआड लिहा, लेकरांकडून पाठ करून घ्या.