तुळई तुटत नाही, निसटते

रात्री अकराच्या पुढे भिवंडीच्या अंजूरफाट्यावर गोदामांच्या कंटेनरची रांग लागते. त्या रांगेत अधूनमधून एखादा लांबलचक ट्रेलर शिरतो आणि त्यावर एकच वस्तू असते: काँक्रीटची तयार तुळई. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ चा पहिला टप्पा कापूरबावडीहून कशेळी, काल्हेर, अंजूरफाटा करत धामणकर नाक्यापर्यंत आखलेला आहे. भिवंडी तालुक्यातच आमणेला समृद्धी महामार्ग येऊन थांबतो. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

एवढ्या रहदारीत रस्त्यावर सेंटरिंग उभारून महिनोन्‌महिने जागच्या जागी काँक्रीट ओतणे कुणालाच परवडत नाही. म्हणून तुळई यार्डात ओतायची, तिच्यातल्या केबल ताणायच्या आणि रात्रीच्या चार तासांत क्रेनने खांबावर नेऊन ठेवायची. यार्डातले काँक्रीट उघड्यावरच्या कामापेक्षा बहुधा उजवेच निघते. अडचण आहे ती ‘ठेवायची’ या शब्दात. नुसती ठेवलेली वस्तू खालचा आधार हलला की सरकते.

भिवंडीला भूकंपाचे काय?

इथे भूकंपाचा विषय काढला की ऐकणारा हसतो. पावसाळ्यात कामवारी नदीचे पाणी आणि बाराही महिने खड्डे, एवढ्यावर इथली संकटांची यादी बहुतेकांच्या लेखी संपते. पण २०१६ च्या भारतीय मानक संहितेने ठाणे-मुंबईचा पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरला, कोयनेचा चौथ्या. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात सप्टेंबर १९८३ मध्ये पाचाच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला होता. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. धुंदलवाडीच्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या.

नकाशावर फार विसंबूही नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपापर्यंत किल्लारी नकाशात सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या क्षेत्रात होती. २००२ च्या आवृत्तीत ते पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले.

वजनाचा हिशेब

भूकंपात बाहेरून येऊन पुलाला कुणी ढकलत नाही. जमीन सरकते, वरचे वजन जागीच राहू पाहते आणि दोघांच्या ओढाताणीत खांब सापडतो. म्हणून वजन जितके जास्त, तितका आडवा धक्का जास्त.

समजा, एका खांबाच्या वाट्याला वरच्या बांधकामाचे ६०० टन आले आहेत. तिसऱ्या क्षेत्राचा आकडा ०.१६, त्याचा निम्मा घ्यायचा. पुलाच्या डोलण्याच्या गतीवरून ठरणाऱ्या आकड्याने त्याला गुणायचे. तो जास्तीत जास्त २.५. पूल महत्त्वाचा असेल तर आणखी १.२ ने. उत्तर येते ०.२४, म्हणजे १४४ टनांचा आडवा धक्का. हाच पूल कोयनेच्या क्षेत्रात असता तर २१६ टन. केबल ताणलेली तयार तुळई साध्या काँक्रीटच्या तुळईपेक्षा सडपातळ ठेवता येते, आणि वाचलेला प्रत्येक टन या हिशेबातून वजा होतो.

खाडीचा चिखल

भिवंडीच्या पोटात काळा कातळ आहे. कशेळी-काल्हेरच्या बाजूला मात्र त्यावर खाडीचा मऊ गाळ बसलेला आहे. ताठ, बुटका पूल असेल तर संहितेच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच. पण उंच खांबांचा पूल सावकाश डोलतो. एका हेलकाव्याला एक सेकंद लागत असेल, तर कातळावर जिथे १ हा गुणक घेतात तिथे मध्यम मातीवर १.३६ आणि मऊ मातीवर १.६७ घ्यावा लागतो. खाडीवरच्या पुलाचा आराखडा उचलून माळावर वापरला तर जास्तीचा खर्च होईल. माळावरचा खाडीत वापरला तर मात्र काय होईल ते भूकंपच सांगेल.

सगळा खेळ सांध्यात

जगभरच्या भूकंपांत पडलेल्या पुलांचे फोटो पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: खाली पडलेली तुळई कित्येकदा जवळजवळ अखंड असते. ती टेकूवरून निसटलेली असते. कॅलिफोर्नियातल्या १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपात असेच गाळे, म्हणजे दोन खांबांमधले पुलाचे भाग, घसरले. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचा सुमारे १५ मीटरचा तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला. तो पूल पोलादी, पण रोग तोच. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात सूरजबारीच्या पुलाचा डेक जागचा सरकला, डेकखालच्या बेअरिंगांना इजा झाली, सांध्यांवर काँक्रीट आपटून फुटले. पूल उभा राहिला, कारण सरकायला जागा होती आणि तेवढ्यात धक्के थांबले.

सरकायला किती जागा ठेवायची, याचे आपल्याकडे साधे सूत्र आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्षेत्रात खांबाच्या डोक्यावर तुळईला किमान २०३ मिलिमीटर, अधिक गाळ्याच्या लांबीच्या प्रत्येक मीटरला १.६७, अधिक खांबाच्या उंचीच्या प्रत्येक मीटरला ६.६६ मिलिमीटर इतकी बैठक हवी. ३० मीटरचा गाळा आणि १० मीटरचा खांब धरला तर जवळपास ३२० मिलिमीटर, शाळेच्या पट्टीहून थोडे जास्त. चौथ्या-पाचव्या क्षेत्रात ही बैठक ४८० वर जाते. पुलाच्या एकूण खर्चात या जादा काँक्रीटची नोंदसुद्धा जाणवणार नाही. तरी आराखड्यावर काटकसरीची कात्री चालवताना खांबाचे डोके आधी आखूड होते, हा माझ्या ऐकण्यातला अनुभव आहे.

बैठकीच्या जोडीला तुळईच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे ठोकळे उभे करतात. साइटवर त्यांना सरळ ‘स्टॉपर’ म्हणतात. धक्का अडवण्याचे मुख्य काम त्यांच्यावरच असेल, तर हिशेबात त्यांना कसलीही सवलत मिळत नाही. १४४ टन तर पूर्ण १४४ टन. शेजारशेजारच्या तुळया वरच्या स्लॅबने सलग जोडल्या तर एकटी तुळई पळू शकत नाही, शिवाय सांधे कमी झाल्याने पावसाळ्यात गळतीही कमी. मला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

वाकायचे कुठे, ते आधी ठरवावे

खांबाला सवलत मिळते. १४४ टनांना तीनने भागून तो ४८ टनांसाठी बांधता येतो, पण अट कडक आहे: त्याने पायथ्याशी वाकावे, सळया ताणाव्यात, तडे जावेत आणि तरी वरचे ओझे सोडू नये. यासाठी पायथ्याशी उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा दाट हव्यात आणि त्यांची टोके १३५ अंशांत आत वळलेली हवीत. काटकोनात वळवलेली टोके बाहेरचे काँक्रीट गळताच उघडतात. १७ जानेवारी १९९५ ला कोबेमध्ये हान्शिन एक्स्प्रेसवेचा सहाशे मीटरहून लांब पट्टा आडवा झाला. जुन्या खांबांतल्या अपुऱ्या रिंगा हे त्याचे एक मोठे कारण होते.

खांबही यार्डात ओतला तर त्याचा सांधा नेमका पायथ्याशी, जिथे वाकायचे तिथेच येतो. म्हणून आपल्याकडे बहुतेक कामांत खांब जागेवर ओततात आणि त्यावरचे सगळे तयार आणतात. न्यूझीलंडने वेगळी वाट काढली. १९८१ मध्ये सुरू झालेल्या साउथ रंगिटिकेई रेल्वे पुलाचे उंच खांब मोठ्या धक्क्यात एकेक पाय किंचित उचलून डोलतात आणि पुन्हा जागेवर बसतात. तिथे सांधा उघडेल हे धरूनच आराखडा केलेला आहे.

अर्धवट पूल

सर्वांत नाजूक काळ बांधकामाचा. स्लॅब पडलेला नाही, तुळयांना एकमेकींशी जोडणाऱ्या आडव्या भिंती ओतलेल्या नाहीत, उंच आणि अरुंद तुळई बेअरिंगवर एकटी उभी आहे. हा काळ थोडा असतो म्हणून हिशेबात धक्का कमी धरण्याची पद्धत आहे. पण तुळई ठेवली त्याच रात्री तिला शेजारणीशी बांधून टाकायला पैसे फारसे लागत नाहीत. तात्पुरती अवस्था किती घातक असते हे शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री दिसले. समृद्धीच्या कामावरचा, तुळई उचलून बसवणारा लाँचर आणि गर्डर कोसळून वीस जण गेले. तेव्हा भूकंप नव्हता.

स्टॉपरजवळची फट

उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबलात तर मान वर करून खांबाचे डोके पाहा. तुळई आणि स्टॉपर यांच्यात एक फट दिसेल. ती रिकामी हवी; एरवी उन्हाने फुगणारी तुळई त्याच फटीत सरकते आणि भूकंपातला पहिला हेलकावाही तिथेच जिरतो. कधी तिच्यात सेंटरिंगची फळी तशीच राहिलेली असते, कधी सांडलेले मॉर्टार कडक झालेले असते, कधी सांध्यातून आलेल्या मातीत पिंपळ रुजलेला असतो. तो काढायला शिडी, कोयता आणि अर्धा दिवस पुरतो.