शाळेची बस आणि वाटून न संपणारी जबाबदारी



या व्याख्यानमालेत आपण एरवी मोठ्या शब्दांची चर्चा करतो. कर्तव्य, न्याय, स्वातंत्र्य वगैरे. आजचा विषय मात्र रोज सकाळी आपल्या सोसायटीच्या फाटकाशी हॉर्न वाजवत उभा असतो. शाळेची बस. कुणी म्हणेल, यात तत्त्वज्ञान कुठून आलं? हा तर आरटीओचा विषय. पण जबाबदारी म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

प्रश्न साधा आहे. मूल घरातून निघतं आणि शाळेत पोहोचतं, त्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात ते कुणाच्या जबाबदारीवर असतं? पालक म्हणतात, शाळेच्या. आम्ही फी भरतो. शाळा म्हणते, बस कंत्राटदाराची आहे. कंत्राटदार म्हणतो, चालकाकडे रीतसर लायसन्स आहे. चालक म्हणतो, आम्ही रस्ता बघायचा की पोरं? मागे मावशी आहेत ना! आणि मावशी म्हणतात, आमचं ऐकतंय कोण? आता गंमत बघा. यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. प्रत्येकात थोडं थोडं सत्य आहे, आणि तरीही सगळ्यांची बेरीज केली तर त्या पोराकडे लक्ष ठेवणारं कुणीच उरत नाही.

याचं टोक काय असतं, ते हरियाणात दिसलं. 11 एप्रिल 2024, ईदचा दिवस. सुट्टी असूनही महेंद्रगड जिल्ह्यातली एक खासगी शाळा भरलेली होती. उन्हाणी गावाजवळ त्या शाळेची बस उलटली आणि सहा विद्यार्थी गेले. चालक दारू प्यायलेला असल्याचं पुढे आलं. पण त्या वेळच्या बातम्यांमधली आणखी एक गोष्ट आपल्याला जास्त अस्वस्थ करते. वाटेतल्या एका गावात लोकांना चालकाची अवस्था कळली होती. त्यांनी बस थांबवली, किल्ली काढून घेतली, शाळेला फोन केला. चालक बदलतो असं आश्वासन मिळालं आणि किल्ली परत दिली गेली. बस निघाली.

या प्रसंगात दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवेल. आपल्याला दोष आणि जबाबदारी यांतला फरक बघायचा आहे. दोष मागे बघतो. घडून गेल्यावर कुणाच्या माथी मारायचा, एवढाच त्याचा प्रश्न. जबाबदारी पुढे बघते. अजून काही घडलेलं नाही, आणि घडू नये म्हणून आत्ता, या क्षणी माझ्या हातात काय आहे, हा तिचा प्रश्न. गावकऱ्यांच्या हातात काही मिनिटं ती किल्ली होती. त्यांच्यावर दोष ठेवावा असं आपल्याला वाटत नाही. उलट एवढं तरी कुणी करत नाही. पण ज्याच्या हातात किल्ली आहे, त्या क्षणापुरती अख्खी जबाबदारी त्याची असते. शाळेचा वाटा आहे, मालकाचा वाटा आहे, म्हणून त्याचा वाटा एक-तृतीयांश होत नाही. पेढ्याचे तुकडे होतात तसे जबाबदारीचे होत नाहीत. दहा जणांत वाटली तरी ती प्रत्येकाकडे अख्खीच राहते. आजच्या व्याख्यानातून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात याच्या जवळचा एक मुद्दा मांडला आहे. नशेत केलेल्या अपराधाला दुप्पट शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचा तो दाखला देतो. का दुप्पट? कारण नशेत शुद्ध नव्हती हे खरं असलं, तरी नशा न करणं त्या माणसाच्या हातात होतं. पुढे तो म्हणतो की, जे माहीत असायला हवं आणि जे माहीत करून घेणं अवघड नाही, त्याबद्दलचं अज्ञान ही सबब होत नाही. पहिला मुद्दा चालकाला लागू होतो. दुसरा मात्र आपल्याला, म्हणजे पालकांना, आजी-आजोबांना लागू होतो. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो!

मग माहीत असायला हवं ते काय? फार नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुलं दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी निर्देश दिले. बसला बंद होणारी दारं हवीत, वेगनियंत्रक हवा, आसनक्षमतेपेक्षा जास्त मुलं नकोत, सोबत मदतनीस हवा, बेदरकार चालवण्याचा इतिहास असलेला चालक नको. आपल्या महाराष्ट्रात 2011 साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली आली. तिच्यातली एक तरतूद फार मोलाची आहे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असली पाहिजे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. गाडीची कागदपत्रं, थांबे, भाडं, हे सगळं या समितीपुढे येतं. म्हणजे कायद्याने पालकाला नुसतं तक्रार करणारा गिऱ्हाईक मानलेलं नाही. त्याला टेबलाशी बसायला खुर्ची दिली आहे. आता आपणच आपल्याला विचारू या: आपल्या नातवंडाच्या शाळेत ही समिती आहे का? तिच्यावर पालकांतर्फे कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? बहुतेक वेळा ती खुर्ची रिकामी असते, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मात्र रोज शंभर निरोप असतात.

आता रोजच्या गोष्टीकडे येऊ. बस खाली उभी आहे. वरून खिडकीतून आवाज येतो, “काका, दोनच मिनिटं, आलीच ती!” दोन मिनिटांनी काय होतं? हिशेब करून बघू. मार्गावर पंधरा थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं गेली, तर तीस मिनिटं झाली. शाळेची घंटा काही तीस मिनिटं थांबत नाही. मग हा वेळ चालक कुठून भरून काढणार? वेगातून. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते. ताशी 60 ला सुमारे 17 मीटर. धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 40 वरून 60 ला गेलं की तो दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. आपली दोन मिनिटं अशी कुणा दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर वेग होऊन जातात. आणि संध्याकाळी आपणच म्हणतो, हे बसवाले गाडी फार जोरात हाणतात बुवा!

तीच गोष्ट रिक्षाची. गल्लीत बस येत नाही, बसचं भाडं परवडत नाही, आई-वडील दोघंही कामावर जातात. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांवरून कुणाला उपदेश करण्याचा आपला हेतू नाही. पण तीन प्रवाशांच्या रिक्षात मागच्या सीटसमोर फळी टाकून आठ-दहा मुलं बसतात, दप्तरं बाहेर लोंबकळतात, एक जण काकांच्या शेजारी अर्ध्या सीटवर असतो. हे आपण रोज डोळ्यांनी बघतो. अकरावं मूल आपलं असलं की आपण म्हणतो, “घ्या हो काका, छोटीच आहे.” छोटी असली तरी धडक बसल्यावर ती छोटी राहत नाही. तेव्हा निदान एवढं करता येतं की चार घरांनी एकत्र येऊन मोजकी मुलं ठरवायची, भाडं थोडं वाढवून द्यायचं, आणि काकांना ‘नाही’ म्हणायची मोकळीक द्यायची. जो माणूस एकेका पोरावर कमाई करतो, त्याला नियम पाळणं परवडलं पाहिजे, हेही आपल्याच जबाबदारीत येतं.

आता विद्यार्थी. जबाबदारी क्षमतेबरोबर वाढते. हान्स योनास या जर्मन विचारवंताने 1979 च्या आपल्या ग्रंथात तान्ह्या मुलाची जबाबदारी हा सगळ्या जबाबदारीचा मूळ नमुना मानला आहे. तान्हं मूल काही मागत नाही, करार करत नाही. त्याचं नुसतं असणंच आपल्याला बांधून घेतं. पण ते मूल वाढतं, आणि जबाबदारी हळूहळू त्याच्याकडे सोपवावी लागते.

पहिली-दुसरीतल्या मुलाकडून आपण ठरावीक सवयींची अपेक्षा करायची. बस पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही. हात-डोकं खिडकीबाहेर नाही. उतरल्यावर बसच्या पुढून लगेच रस्ता ओलांडायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, कारण धोका बसच्या आतल्यापेक्षा चढता-उतरताना जास्त असतो. चालक उंचावर बसतो. बसच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल त्याला दिसतच नाही. चाकाशी पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकलेलं मूल तर मुळीच दिसत नाही. म्हणून मुलांना शिकवायचं: वस्तू पडली तर पडू द्यायची, आधी मावशींना सांगायचं. दप्तराचे लोंबणारे पट्टे, ओढणी दारात अडकत नाही ना, ते बघायचं. आणि न्यायला येणाऱ्या आजोबांनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून हाक मारायची नाही. आजोबा दिसले की पोर धावतं, गाड्या बघत नाही. आपण ज्येष्ठांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

सातवी-आठवीच्या मुलांकडून जास्त अपेक्षा करता येते. लहानग्यांना आधी उतरू देणं, मागच्या बाकावर कुणी झोपलेलं तर नाही ना हे बघणं. आणि एक गोष्ट घरी सांगणं. काका चालवताना मोबाईलवर बोलतात, गाडी सिग्नल तोडते, मावशी आज आल्याच नाहीत. मुलं हे सांगत नाहीत, कारण आपणच त्यांना शिकवलंय की चुगली करू नये. तेव्हा फरक समजावून द्यायला हवा. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चुगली. कुणाला इजा होऊ नये म्हणून सांगणं ही जबाबदारी. आणि मुलाने सांगितल्यावर आपण “तू गप्प बस, उगीच शाळेत वाईट दिसेल” म्हणालो, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

नववी-दहावीला बस सुटते आणि स्कूटर येते. क्लासला उशीर होतो म्हणून किल्ली मुलाच्या हातात. इथे कायदा फार स्पष्ट आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. आपल्या नकळत हे घडलं, किंवा ते टाळायला आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावं लागतं. अॅरिस्टॉटलचा मुद्दा इथे कायद्याच्या भाषेत आला आहे. पुन्हा किल्लीचीच गोष्ट, फक्त या वेळी ती आपल्या घरातल्या खुंटीवर टांगलेली आहे.

मग आपण करायचं काय? बस येण्याआधी पाच मिनिटं खाली उतरायचं. चालक आणि मावशी यांची नावं आणि फोन नंबर घरात लिहून ठेवायचे, आणि त्यांच्याशी माणसासारखं बोलायचं. वर्षातून एकदा तरी गाडीचं योग्यता प्रमाणपत्र आणि विमा बघायला मागायचा. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. परिवहन समितीची बैठक कधी आहे, ते शाळेला लेखी विचारायचं. आणि एखाद्या दिवशी चालकाचे पाय डगमगताना दिसले, तर मूल बसमध्ये चढवायचं नाही. आधी चढलेल्या मुलांनाही उतरवून घ्यायचं, आणि दुसरा चालक प्रत्यक्ष येऊन उभा राहीपर्यंत किल्ली परत द्यायची नाही. त्या दिवशी शाळा बुडाली तर बुडू दे.

आता प्रश्नांकडे वळू या.