परसातील रान आणि जयणेची बाग

लातूर, बार्शी, जालना, सोलापूर यांसारख्या व्यापारी पेठांतील जुन्या घरांची रचना बहुधा एकसारखी असे. रस्त्याच्या अंगाला दुकान, त्यामागे माजघर व स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परस. परसात आड, न्हाणीघर, गोठा आणि धुणे वाळत घालण्याची मोकळी जागा. पुढे नळ आला आणि आड झाकला गेला. गोठा रिकामा झाला. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेली ती तिकडेच स्थिरावली. दुकानाचा पसारा वाढत राहिला, परस मात्र हळूहळू रानाच्या स्वाधीन झाले.

या रानात घाणेरी असते, आघाडा, टाकळा आणि एरंड असतो. पण सर्वांत अधिक असते ते गाजर गवत. 1956 च्या सुमारास पुण्यात या परकीय वनस्पतीची नोंद झाली आणि नंतर ती देशभर पसरली. एका रोपापासून हजारो बिया तयार होतात. तिच्या संसर्गाने अनेकांच्या त्वचेस खाज व पुरळ येते, परागकणांमुळे दम्याचा त्रास बळावतो. रानाच्या आडोशाला फेकलेले डबे, फुटके माठ व जुने टायर यांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासांची तेथे सोय होते. उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात.

अशा परसाचे काय करावे, हा प्रश्न इतर घरांत सोपा असतो. मजूर बोलवावेत, तणनाशक फवारावे, उरलेले पेटवून द्यावे. जैन घरांत मात्र तो जेवणाच्या पाटावर चर्चेस येतो. ‘घरात लहान मूल रांगते आहे, मागचे दार उघडायची भीती वाटते,’ असे सूनबाई म्हणतात. ‘एवढ्या जीवांचा संहार कोणाच्या नावावर मांडायचा?’ असे आजी विचारतात. दोघींचेही म्हणणे खरे असते. म्हणूनच निर्णय लांबतो आणि दर पावसाळ्यात रान आणखी हातभर उंच होते.

आचारांग सूत्राच्या प्रारंभीच्या अध्ययनात पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू व वनस्पती यांच्या जीवत्वाचा विचार आला आहे. वनस्पतीची तुलना तेथे मनुष्यदेहाशी केलेली आहे. त्यामुळे आजींची शंका भाबडी नव्हे. परंतु श्रावकाचे व्रत हे अणुव्रत आहे. परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाकडून अपेक्षित आहे. घर चालविताना घडणारी आरंभी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, पण ती कमीत कमी व्हावी यासाठी जागरूक राहणे त्याच्या हाती असते. यालाच जयणा किंवा यत्नाचार म्हणतात. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडण्याचे काम आणि वणवा लावण्याचे काम यांचा समावेश आहे. ते निषेध मुख्यतः उपजीविकेसंबंधी असले, तरी परसाच्या बाबतीतही त्यांतून दिशा मिळते: जाळू नये आणि खणू नये. कुंड्यांची बाग या दोन्ही कसोट्यांना उतरते, कारण तीत जमीन नांगरावी लागत नाही आणि तण एकदाच काढावे लागते.

काम केव्हा करावे, हे सर्वांत महत्त्वाचे. चातुर्मासात रान सर्वाधिक हिरवे असते आणि त्रसजीवांची उत्पत्तीही तेव्हाच अधिक. तो काळ पूर्ण जाऊ द्यावा. माघ-फाल्गुनात बहुतेक गवत आपोआप वाळते. तेव्हा कापावे लागणारे हिरवे थोडेच उरते. काम घराच्या बाजूने सुरू करून मागील कुंपणाकडे सरकावे, काठीने आवाज करीत, सावकाश, दोन-तीन दिवसांत वाटून, म्हणजे सरडे, बेडूक व इतर प्राण्यांना निघून जाण्यास वाट आणि वेळ मिळतो. मजुरांना बूट व हातमोजे द्यावेत. गाजर गवत उपटताना नाका-तोंडावर कापड असावे. साप दिसल्यास काम थांबवून वन विभागास किंवा सर्पमित्रास कळवावे. कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता अशी जुनी झाडे असतील तर त्यांना हात लावू नये.

मोकळ्या झालेल्या जागेवर जुन्या शहाबादी फरश्या किंवा विटा मांडाव्यात. जमिनीस ऊन मिळाले नाही की बहुतेक तण उगवत नाही आणि दरवर्षीची कापणी टळते. सिमेंटचा कोबा मात्र करू नये. फरश्यांच्या फटींतून पावसाचे पाणी जमिनीत मुरले पाहिजे.

कुंड्यांसाठी फारसा खर्च नको. पंधरा किलो तेलाचे डबे, रिकामे पिंप, फुटके घमेले, प्लास्टिकचे क्रेट आणि पोती व्यापाऱ्याच्या घरी असतातच. प्रत्येकाच्या बुडाशी बोटाएवढी चार-पाच छिद्रे पाडावीत. धान्याच्या डब्याला भोक पडणे म्हणजे नुकसान. येथे ते न पाडणे म्हणजे नुकसान, कारण पाणी तुंबले की मुळे कुजतात. डबे विटांवर ठेवावेत. पत्र्याचा डबा उन्हाळ्यात तापतो, म्हणून त्याभोवती गोणपाट गुंडाळावे.

मराठवाडा-सोलापूरकडील काळी माती एकटीच भरू नये. ती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे, त्यात डब्यामागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात फुलली की साठ-सत्तर लिटर भरते.

खत विकत घेताना पिशवीवरील घटक वाचल्याशिवाय घेऊ नये. ‘सेंद्रिय’ हा शब्द अहिंसेची हमी देत नाही. हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी व मासळीचे खत हेही सेंद्रियच असते आणि पुष्कळ मिश्रखतांत ते घातलेले असते. स्फुरदासाठी खनिज रॉक फॉस्फेट आणि पालाशासाठी लाकडाची राख चालते. गांडूळ पाळणे अनेक श्रावकांस प्रशस्त वाटत नाही. त्यांनी कोरड्या पानांचे खत करावे. भाज्यांची साले उन्हात वाळवून पानांच्या थरांत घालावीत. शिजलेले अन्न त्यात टाकू नये. तेच अळ्यांच्या उत्पत्तीचे मुख्य कारण असते.

काय लावावे, हे ठरविताना आपला आचार अडचण न होता मार्गदर्शक ठरतो. बटाटा, गाजर, मुळा, आले हे अनंतकाय वर्ज्य असल्याने खोल मातीची गरजच कमी होते. बहुबीज म्हणून अनेक घरी वांगेही नको असते. मेथी, कोथिंबीर व पालक यांना सहा ते आठ इंच माती पुरते. मिरची व टोमॅटो यांना बारा इंच लागते, लिंबाला दीड फूट. दोडका, कारले, तोंडली व घेवडा यांचे वेल कुंपणाच्या तारेवर चढवावेत. फळभाजीस पाच-सहा तासांचे ऊन हवे. पालेभाजी तीन-चार तासांवरही येते.

चातुर्मासात पालेभाजी न खाण्याचा नियम बहुतेक घरांत असतो. काही घरांत तो फाल्गुनापासूनच सुरू होतो. शेतीच्या दृष्टीने पाहता हे गणित अचूक जुळते. मेथी, पालक व कोथिंबीर यांना आपल्याकडे थंडीच मानवते. कार्तिकी पौर्णिमेनंतर पेरलेली मेथी साधारण महिन्याभरात ताटात येते आणि दर पंधरा दिवसांनी दोन डबे पेरत राहिल्यास फाल्गुनापर्यंत खंड पडत नाही. अष्टमी-चतुर्दशीस हिरवे न खाणाऱ्या घरात भाजी दोन दिवस झाडावरच राहते. बाजारातून आणलेल्या जुडीप्रमाणे ती पिवळी पडून फेकावी लागत नाही.

पाणी सकाळी द्यावे, तेही बोट दोन पेरे मातीत खुपसून कोरडे लागले तरच. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात; ताटली कोरडी राहिली तर जीव उत्पन्नच होत नाही आणि पुढे औषध फवारण्याचे पापही लागत नाही. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी साठवून न ठेवता त्याच वेळी झाडांना घालावे.

राहता राहिला किडीचा प्रश्न. रोपे दाट लावली व खत अधिक दिले की पाला कोवळा, लुसलुशीत होतो आणि मावा धावून येतो. म्हणून अंतर राखावे, हवा खेळती ठेवावी, पाने रोज उलटून पाहावीत. लागण झालेली फांदी अलगद काढून परसाच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावी. एवढे करूनही काही पाने खाल्ली जातीलच. जुन्या पेढ्यांच्या वहीत धर्मादायाचे खाते असे; चार मिरच्यांपैकी एक त्या खात्यावर लिहावी.

शेवटची गोष्ट मर्यादेची. बाग फुलू लागली की कुंड्या वाढविण्याचा मोह होतो, आणि कुंड्या वाढल्या की पाणी, माती व आरंभ तिन्ही वाढतात. भोगोपभोगाचे परिमाण येथेही ठरवावे. चार-पाच माणसांच्या घरास वीस-पंचवीस डबे पुरेसे आहेत. त्यांपैकी काही कमरेएवढ्या कट्ट्यावर मांडावेत. गुडघेदुखीमुळे ज्यांना खाली बसता येत नाही, त्या आजींना तेथे उभ्याने पाने न्याहाळता येतात. कोणत्या पानाला हात लावावा आणि कोणत्या पानावरील जीवास सुखाने राहू द्यावे, हे सांगण्यास घरात त्यांच्याइतके जाणते दुसरे कोणी नसते. नातवंडांना जयणा शिकविण्यास ही जागा सोयीची आहे.