इमॅजिकाला जायचंय? आधी हिशेब, मग नायट्रो!

इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडलं रे पडलं की घरात एकच विषय निघतो. 'आता तरी मुलांना घेऊन चल!' आपल्या लहानपणी 'चल' म्हणजे एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेलं ते पार्क आता बंद झालंय. मुंबई-पुण्याच्या पोरांचा आजचा हट्ट असतो इमॅजिकाचा. २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर उघडलेलं हे पार्क दोन्ही शहरांना एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पण दादा, वहिनी, दोन पिल्लं, आई आणि मी अशी सहा डोकी मोजली की बाईकचा हप्ता डोळ्यांसमोर नाचायला लागतो.

माझा फंडा साधा आहे. तिकिटाचा दर सगळेच बघतात, खिसा कापला जातो तो तिकिटाच्या आजूबाजूला. त्यामुळे तिकिटांची जी काही बेरीज होईल, त्याच्या निम्मी रक्कम मी वेगळ्या पाकिटात ठेवते. प्रवास, खाणं, लॉकर, पोरांचं 'आत्या, हे घे ना', सगळं त्यातच. ते पाकीट भरत नसेल, तर सहल एक महिना पुढे. क्रेडिट कार्डावर मजा करून पुढचे तीन महिने डब्यात उसळ खाण्यात काय पॉइंट?

सगळ्यात मोठी बचत कॅलेंडरमध्ये असते, बॉस! मे महिना, दिवाळी आणि नाताळचा आठवडा विसरा. शनिवार-रविवारही शक्यतो नकोच. एकतर दर चढे, त्यात एकेका राइडसाठी एवढी रांग की दिवसभरात मोजून चार-पाच राइड्स पदरात पडतात. साठलेला कॉम्प-ऑफ जानेवारी-फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी टाका. पोरांची एक दिवस शाळा बुडेल, बुडू दे. (बाईंना काय सांगायचं ते वहिनी बघून घेते.) पावसाळ्यात खोपोलीचा डोंगर झकास दिसतो, पण मुसळधार पाऊस आणि विजा असल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. पैसे पूर्ण आणि राइड्स अर्ध्या, हा सौदा मला पटत नाही.

तिकीट काढण्याआधी घरच्या भिंतीशी पोरांना अनवाणी उभं करा आणि टेप लावा. लहान मुलांचं तिकीट इथे वयावर नाही, उंचीवर ठरतं. आणि तिकिटाची उंची वेगळी, राइडची वेगळी! नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला स्वतःची अट असते. सहा महिने नायट्रोची स्वप्नं बघणाऱ्या पुतण्याला दोन बोटं कमी पडल्यामुळे दारातून परत पाठवलं, तर त्या दिवसाचं काय होईल ते सांगायला नको. हे घरीच कळलेलं बरं. आणखी एक, पडद्यावरचा आकडा टॅक्स धरून आहे की वगळून, ते बघाच. जानेवारी २०१८ मध्ये थीम पार्कचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण सहा जणांवर १८ टक्केही चांगलेच जाणवतात.

थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करायचा मोह आवरा. दोन्हीकडे धावाधाव आणि धड कुठेच नाही. शिवाय पाण्यात सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे पोशाख घरूनच नेले नाहीत, तर तिथे भाडं मोजा.

गाडीभाडं आणि टोल वाचवायचा असेल तर मध्य रेल्वे जिंदाबाद. सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल आहे, नाहीतर कर्जतला बदला. मात्र गाड्या मोजक्याच, तेव्हा जातानाच परतीची वेळ लिहून ठेवा. स्टेशनबाहेर रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या पळसदरीच्या आत संपवायच्या. मग आत एकच जेवण आणि दुपारचा चहा, बस्स.

आता खरा प्रश्न, आईचं तिकीट. बजेट बसवताना सगळ्यात आधी ज्येष्ठांचंच नाव कटतं, आणि बऱ्याचदा ते स्वतःच कापतात. 'माझे गुडघे दुखतात, मी महडला वरदविनायकापाशी बसते, तुम्ही जा.' ऐकायला सोयीचं वाटतं. महड खोपोलीच्या जवळच आहे, एक तिकीटही वाचतं. पण देवळाच्या ओट्यावर अख्खा दिवस एकटीने काढायचा, म्हणजे ती सहलीला आली असं म्हणायचं का? माझं मत स्पष्ट आहे, कात्री लावायची तर स्नो पार्कला लावा, आईला नको. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्चीत बसल्या-बसल्या देशावरून उडता येतं, 'मिस्टर इंडिया' आहे, पोरांबरोबर कॅरोसेल आहे. बहुतेक पार्कात साठीच्या पुढच्यांना वेगळा दरही असतो, फक्त वयाचा पुरावा बरोबर हवा.

महड काही सुटत नाही. सकाळची पहिली लोकल पकडली, तर रिक्षा आधी देवळाकडे वळवायची. दर्शन घेऊन पार्कच्या दारात उघडायच्या वेळेला हजर!