विश्लेषण : भाताची राखण नेमकी कधी आणि कशी?

कोकणात हळवे भात दुधात आले की पहिली धाड पडते ती पाखरांची. पाऊस, करपा, तुडतुडे यांतून वाचलेले पीक शेवटच्या तीन आठवड्यांत हातचे जाऊ शकते.

पक्षी नेमके काय करतात?

भात फुलोऱ्यानंतर साधारण ३० दिवसांत पिकते. त्यातला पहिल्या आठवड्यानंतरचा काळ सर्वांत नाजूक. दाण्यात दूध भरलेले असते आणि मुनियांचे थवे लोंबीवर बसून दाणा चोचीत दाबतात, दूध शोषतात आणि टरफल जागेवरच सोडतात. लांबून शेत भरलेले दिसते. पोचट लोंब्या कापणीलाच कळतात. सुगरणी आणि चिमण्या भरलेला दाणा टिपतात. पोपटाचे काम वेगळे, तो खातो थोडे आणि तोडतो जास्त.

काहींचेच नुकसान जास्त का?

शिवारात सगळ्यांचे भात एकाच वेळी निसवले तर पक्षी विभागले जातात. एकट्याचेच खाचर आधी पिकले, किंवा सर्वांत शेवटी उरले, तर सगळे थवे तिथेच उतरतात. म्हणून ११५ दिवसांच्या आत तयार होणाऱ्या हळव्या जाती लावणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी बोलून लावणी जुळवून घेणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. तो सांगायला सोपा, जुळवायला अवघड.

बुजगावणे चालते का?

चालते, पण थोडे दिवस. न हलणाऱ्या वस्तूला पक्षी लवकर सरावतात. मग त्याच्या डोक्यावर बसलेला कावळाही दिसतो. जागा आणि कपडे बदलत राहिल्यास उपयोग वाढतो. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी अशी चमकी पट्टी जास्त कामाची ठरते. काठ्यांना पीळ देऊन, पिकाच्या फूटभर वर बांधली की ती उन्हात लखलखते आणि वाऱ्यावर गुणगुणते. वारा पडला की तीही गप्प. ती फुलोऱ्यालाच नव्हे, दाणा दुधात येताना बांधावी. आधी बांधली तर ऐन वेळी पक्षी तिला सरावलेले असतात.

जाळे उत्तम संरक्षण देते, पण मोठ्या क्षेत्राला परवडत नाही आणि पक्षी त्यात अडकून मरतात. बियाण्याच्या तुकड्यापुरतेच ते योग्य.

मग राखणदार कुठे गेले?

मचाणावर बसून डबा वाजवणारी, गोफण फिरवणारी पोरे आता शाळेत आहेत, मोठी माणसे मुंबईत. गावात उरलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर उन्हात बसवत नाही. त्यांनी निदान सकाळचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा वेळ सांभाळावा. पक्षी तेव्हाच जास्त चरतात.

विष का नको?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली पोपट आणि मुनिया यांना मारणे गुन्हा आहे. शिवाय चीनने १९५८ मध्ये चिमण्या संपवण्याची मोहीम काढली, तेव्हा कीड आणि टोळ वाढले. १९६० मध्ये चिमण्यांना यादीतून काढावे लागले. आपली सुगरणही पिल्लांना किडेच भरवते, त्यात भातावरचे नाकतोडेही येतात.